सत्तर अंशांचा प्रश्न

ओसाकाला नोकरी करणारा भाचा गणपतीत आला आणि जाताना माझ्या हातात हिरव्या चहाचं पाकीट ठेवून गेला. "मामा, सेन्चा आहे. पाणी सत्तरच्या वर जाऊ देऊ नका." पाकिटाबरोबर तो घरात एक भांडण ठेवून जातोय, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमच्याकडे चहा म्हणजे आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, साखर-पत्ती पडली की खदखदू द्यायचं, आणि दूध उतू जायच्या अर्धा सेकंद आधी धावत जाऊन गॅस बारीक करायचा. त्याच हाताने मी सेन्चावर उकळतं पाणी ओतलं. पहिल्याच घोटाला गुढीपाडवा आठवला. त्यातला गूळ नव्हे, कडुनिंब. आईनेही एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "कारलं पिळून जे पाणी आपण टाकतो, ते पितात होय तिकडे?"

दोष चहाचा नव्हता. पानांतला कडवटपणा कॅटेचिनांचा असतो, आणि पाणी जितकं कढत तितकी ती भराभर उतरतात. गोडसर चव देणारं थिएनिन कमी तापलेल्या पाण्यातही सुटतं. उकळतं पाणी ओतलं की कडू मंडळी पहिल्या पंगतीला बसून सगळं संपवतात, गोडाला पान मांडायला जागाच उरत नाही.

तर सत्तर अंश. घरात मोजायला एकच साधन होतं, ताप बघायचा थर्मामीटर. त्याचं जग बेचाळीसच्या आसपास संपतं, हे मला त्याचं टोक वाफाळत्या पाण्यात बुडवल्यावर कळलं. बायको दारात उभी होती. "अहो, पाण्याला पॅरासिटामॉल देऊ का?"

आईला थर्मामीटर लागत नाही, तिच्याकडे शब्द आहेत. गार, कोमट, ऊन, कढत, आधण. विरजणाला दूध कोमट, पाय शेकायला पाणी ऊन, भाकरीला कढत. मी म्हटलं, मला ऊन आणि कढत यांच्या मधलं हवंय. "मग उकळ आणि थोडा वेळ थांब," ती म्हणाली. जपानी लोक खरं तर हेच करतात. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे युझामाशी नावाचं वेगळं भांडं असतं. आमचे आजोबा बशीत ओतून हेच करायचे, फक्त चहा झाल्यावर. पण मला थांबायचं नव्हतं. मला आकडा हवा होता.

म्हणून तापमान ठरवता येणाऱ्या विजेच्या किटलीचा शोध सुरू झाला. रविवार पेठेतल्या एका दुकानात जाऊन "किटली" म्हटलं, तर मालकांनी मान वर न करता टपरीवरच्या पोराच्या हातात असते तसली ॲल्युमिनियमची किटली काउंटरवर ठेवली.

"विजेची हवीय."

तीही आली.

"तापमान ठरवता येणारी?"

"म्हणजे पाणी गरम करायचंय की कमी गरम?"

"दोन्ही."

"कमी गरम हवं असेल तर लवकर बंद करायची. ही घ्या, साडेसातशे."

या युक्तिवादात मला आजतागायत चूक सापडलेली नाही. मी घरी येऊन मोबाइल उघडला.

त्यानंतरचे तीन आठवडे माझे नव्हते. काही किटल्यांना ठरावीक बटणं: चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. सत्तर नाही! काहींना एकेक अंश चढवता येत होता. काही ऐंशीला बंद होऊनही चौऱ्याऐंशीपर्यंत जातात म्हणे, कारण तळाच्या चकतीत धग उरलेली असते. काचेची घ्यावी तर फुटेल, प्लॅस्टिकची घ्यावी तर वास, स्टीलची घ्यावी तर आत काय चाललंय ते दिसत नाही. आणि बहुतेकींवर किमान पाण्याची रेघ अर्ध्या लिटरवर. दीडशे मिलिलिटरचा कप मारायचा तर अर्धा लिटर तापवायचं आणि उरलेलं कुणाला द्यायचं? अभिप्रायांत एकाने एकच तारा देऊन लिहिलं होतं की दूध-साखर-पत्ती घालून उकळलं तर खाली करपतं. या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटली.

शेवटी निर्णय मी घेतला नाही, भिंतीने घेतला. १५०० वॅटची किटली २३० व्होल्टला साडेसहा ॲम्पिअर ओढते, आणि आमच्या ओट्याजवळची छोटी सॉकेटं ६ ॲम्पिअरची. जाड पिनेचं सॉकेट एकच, त्यात फ्रिज. "सेन्चा की फ्रिज?" असा प्रश्न मी घरात मांडून पाहिला. कुणी हसलंसुद्धा नाही. मग १००० वॅटची घ्यायची ठरली, आणि त्या वॅटमध्ये, एकेका अंशाची सोय असलेली, मला परवडणारी एकच मिळाली: लांब, बारीक, हंसाच्या मानेसारख्या तोटीची. ही मुळात कॉफीवाल्यांची. त्यांना कॉफीच्या भुकटीवर बारीक धार गोल गोल धरायची असते.

आईने खोका उघडताच ओळखलं. "झारी आणलीस!"

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले आणि आठवड्याभरात झारीतले शुक्राचार्यही प्रकट झाले. टँकरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर तळाला बसला, त्याचे पापुद्रे सुटून तोटीत गेले आणि धार वाकडी झाली. बायकोने दर्भाची काडी सुचवली. मी लिंबूफूल घालून पाणी तापवलं, अर्धा तास तसंच ठेवलं, आणि शुक्राचार्य डोळा शाबूत ठेवून बाहेर पडले.

पण खरा प्रसंग त्याच्या कितीतरी आधीचा, पहिल्याच दिवशीचा. सेन्चा सत्तरला झाला, बरा झाला. (समुद्राच्या शेवाळासारखा लागतो. पण कडू नव्हता.) मग हौस म्हणून मी शंभरचा आकडा लावला. नव्वद, पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आणि तिथे थांबली. आत पाणी उसळतंय, झाकण थडथडतंय, स्वयंपाकघराचं महाबळेश्वर झालंय, पण आकडा अठ्ठ्याण्णवच. तिला बंद व्हायला शंभर हवे होते आणि ते येत नव्हते. मी वायर उपटली आणि ग्राहक सेवेला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सर, आपण कुठून बोलताय?"

"पुण्याहून."

"मग बरोबर आहे, सर."

पुण्याच्या माणसाला हे वाक्य कुणी ऐकवून सुखाने झोपू शकत नाही. मी विचारलं, बरोबर आहे म्हणजे काय? ती म्हणाली, "सर, उंचावर पाणी आधीच उकळतं." फोन ठेवल्यावर शाळेतलं भौतिकशास्त्र हळूहळू परत आलं. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, आणि दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंश उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. म्हणजे अठ्ठ्याण्णव. खऱ्या महाबळेश्वरात तर पंच्याण्णवच्या आसपासच आटोपतं. किटली शंभर नंबरी होती. कमी पडत होतं ते पुणे.

हे मी दादरच्या ताईला सांगायला नको होतं.

"आमच्याकडे होतं रे शंभर," ती म्हणाली. "खाली समुद्र आहे ना." इतक्या मायेने म्हणाली की उलट बोलायलाही जागा नव्हती. पाण्याच्या बाबतीत मुंबईने आपल्याला दोन गुण कमी द्यावेत, आणि आपल्याकडे उत्तर नसावं! मी आता ती सत्त्याण्णववर लावतो. बंद होते. विषय काढत नाही.

परवा सकाळी उठलो तर किटली आधीच तापलेली. पडद्यावर ८५. कुणी छेडछाड केली म्हणून बघायला गेलो, तर आई परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसलेली, मधे आळं केलेलं, आणि झारीची बारीक धार त्यात बरोब्बर गोल गोल फिरतेय. कॉफीवाल्यांनी बघावं.

"पीठ जुनं झालंय, विरी गेलंय," ती उलथन्याने कालवत म्हणाली. "काल नव्वद लावलं तर हात भाजला. परवा ऐंशी लावलं तर भाकरीच्या कडा चिरल्या. पंच्याऐंशी नीट."

मी काही बोलेना, तेव्हा तिने वर पाहिलं.

"तुझं ते सत्तरपण करून बघितलं. पाय शेकायला फार, भाकरीला कमी. त्याला नाव कुणी आणि कशाला ठेवायचं?" आणि परात पुढ्यात ओढून तिने पीठ मळायला घेतलं.