नर्सला शिकून काय करायचंय, म्हणे!

माझ्या भाचीला बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय. तिच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि इंदुरातल्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंतचे सगळे नातेवाईक तिला समजवायला लागले. मेसेजचं म्हणणं असं: फ्लॉरेन्स नाइटिंगेलने काही न शिकता, हातात दिवा घेऊन, नुसत्या मायेने हजारो सैनिक वाचवले. शोध डॉक्टर लावतात, नर्सने सांगितलेलं करायचं. म्हणून चार वर्षांची डिग्री म्हणजे पैशाची नासाडी, आणि आपल्या मध्य प्रदेशात तर कॉलेजंच बोगस. मी वॉर्डात नोकरी केली आहे, गप्प बसवत नाही.

आधी दिवा. नाइटिंगेलबाई १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन रुग्णसेवा शिकल्या होत्या, तेव्हा ‘काही न शिकता’ खोटं. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात पोचल्या आणि त्या हिवाळ्यात तिथले मृत्यू वाढतच गेले. माया होती, रात्रीच्या फेऱ्या होत्या, पण इमारतीखालची गटारं तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या सॅनिटरी कमिशनने, म्हणजे स्वच्छता तपासणाऱ्या पथकाने, येऊन ती साफ करायला घेतली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने उतरले. लढाईनंतर बाई आकडे घेऊन बसल्या, जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक गेले हे १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवलं, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सेसची शाळा सुरू करवली. शिक्षण नको असणारी बाई शाळा कशाला काढेल?

शोधांचं एकच सांगते. आज इथल्या एम.वाय. या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात काय किंवा कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये काय, कावीळ वाढलेलं बाळ निळ्या दिव्याखाली ठेवतात. १९५६ मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीच्या टोकाखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. पुढचे प्रयोग डॉक्टरांनी केले, १९५८ मध्ये शोधनिबंध छापला. पण पहिली नजर नर्सची.

आता डिग्री. याच मुद्द्याने पोरीचं नुकसान होणार आहे, म्हणून याचाच मला जास्त राग आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: युरोपातले नऊ देश, ३०० हॉस्पिटलं, ऑपरेशन झालेले चार लाख बावीस हजारांवर रुग्ण. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी. असं का, ते नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही विचारा. रात्री दोनला ऑपरेशनचा पेशंट शांत पडलेला दिसतो, पण श्वास मघापेक्षा जलद आहे, नाडी वाढली आहे, लघवीच्या पिशवीत तीन तासांत जेमतेम थोडी भर पडली आहे. आत रक्तस्राव होत असेल, हे ओळखून डॉक्टरांना आत्ता उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या वेळी नर्सच ठरवते. मायेने पेशंटचा हात धरता येतो, पण आतला रक्तस्राव कळत नाही. शरीर कसं चालतं ते शिकलेलीलाच कळतं.

कॉलेजांबद्दल मात्र काकांना थोडं मान्य करावं लागतं. हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयने आपल्या राज्यातली नर्सिंग कॉलेजं तपासली, अनेकांत उणिवा निघाल्या, आणि २०२४ मध्ये तपास करणारेच काही जण लाचेच्या प्रकरणात पकडले गेले. लाज वाटावी असंच आहे. पण म्हणून नर्सिंग सोडायचं नसतं, कॉलेज पारखायचं असतं. मान्यता या वर्षाची आहे का, मुली प्रत्यक्ष कुठल्या हॉस्पिटलात जातात, तिथे पेशंट असतात का, कागदावरचे शिक्षक वर्गात दिसतात का. काकांनी फॉरवर्ड करण्यापेक्षा स्कूटर काढावी आणि ॲडमिशनच्या आधी तिच्याबरोबर जाऊन हे बघून यावं.