‘कम्युनिटी रेडिओ हा मोठ्या संस्थांचा खेळ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सातारा-सांगलीकडच्या संस्था-कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. त्याचा सारांश असा : कम्युनिटी रेडिओला (म्हणजे संस्थेनं आसपासच्या गावांसाठी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्राला) पन्नास लाख लागतात, दिल्लीत ओळख असल्याशिवाय परवाना मिळत नाही, जाहिराती घेता येत नाहीत, बातम्या देता येत नाहीत, आवाज दहा किलोमीटरच्या पुढं जात नाही आणि मोबाईलच्या काळात रेडिओ ऐकतंय कोण? तेव्हा लहान संस्थांनी या नादाला लागू नये, यूट्यूब चॅनल काढावं.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात रेडिओची खरी गरज आहे आणि तिथल्याच संस्था हा मेसेज वाचून मागं सरकतायत, म्हणून सविस्तर लिहिते. यातलं जे खरं आहे तेही सांगते.

पन्नास लाखांचा आकडा कुठून आला हे मेसेजमध्ये नाही. खासगी एफएमकडं बघून तो काढलेला वाटतो. खासगी वाहिन्यांना फ्रीक्वेन्सी लिलावात घ्यावी लागते. कम्युनिटी रेडिओला लिलाव नाही, दरवर्षी स्पेक्ट्रमचं शुल्क भरावं लागतं. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अर्जाची फी २,५०० रुपये आणि बँक गॅरंटी २५,००० रुपये ठेवली होती. मोठा खर्च यंत्रांचा. साधारण ५० वॅटचा ट्रान्समीटर, केबल, अँटेना, मनोरा, विजेपासून बचावासाठी पक्कं अर्थिंग. हे काही लाखांत जातं आणि तिथं काटकसर करू नये. उपकरणांसाठी केंद्राची अनुदान योजना आहे, पण अनुदान हातात पडेपर्यंत पदरमोड करायची तयारी हवी.

काटकसर करायची ती स्टुडिओत. काचेच्या खिडक्या आणि महागडं अॅकॉस्टिक पॅनेल यांवाचून काही अडत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला सगळे देतात. तो पैसा आणि वेळ वाया घालवू नका. तो पुठ्ठा इतका हलका असतो की बाहेरचा आवाज अडत नाही आणि माणसाच्या आवाजाचं घुमणंही फारसं कमी होत नाही. त्यापेक्षा जाड वाकळ भिंतीपासून वीतभर पुढं दोरीवर टांगा, खाली सतरंजी टाका, माइक तोंडाजवळ घ्या. फरक लगेच कानाला कळतो. खोली निवडताना मात्र वर बघा. पत्र्याचं छत असेल तर पावसात एक वाक्य धड रेकॉर्ड होत नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सगळी रेकॉर्डिंग सकाळी आठच्या आत उरकावी लागतात. शेजारी पिठाची गिरणी असेल तर ती खोली फुकट मिळाली तरी नको.

परवान्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वेळ लागतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं अर्ज, मग गृह वगैरे खात्यांची मंजुरी, इरादापत्र (परवाना द्यायची तयारी कळवणारं पत्र), फ्रीक्वेन्सी, जागेची मंजुरी, करार आणि शेवटी वायरलेसचा परवाना. यात महिने जातात, कधी वर्षही उलटतं. पण ओळखीचा यात संबंध नाही. नोंदणीकृत, ना नफा तत्त्वावरची आणि किमान तीन वर्षं काम केलेली संस्था अर्ज करू शकते. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या संघटनेला परवाना मिळत नाही. अर्ज बहुतेक अडकतात ते कागदांपायी : ऑडिट रिपोर्ट अपुरे, संस्थेच्या घटनेत उद्दिष्ट नीट लिहिलेलं नाही, जागेचे अक्षांश-रेखांश चुकलेले. मंजुरी त्या ठरावीक जागेला मिळते, म्हणून जागा आधी ठरवा आणि जागामालकाशी लेखी करार करा.

वाट बघण्याच्या काळाचं काय करायचं, हे तेलंगणातल्या माचनूरच्या दलित शेतकरी बायकांनी दाखवून दिलंय. त्यांचा संघम रेडिओ २००८ मध्ये हवेवर आला, पण त्याआधी कित्येक वर्षं त्या कॅसेटवर कार्यक्रम रेकॉर्ड करून बायकांच्या बैठकांत वाजवत होत्या. परवाना आला तेव्हा त्यांच्याकडं तयार कार्यक्रम होते आणि घडलेली माणसंही. बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेआधी, पारावर स्पीकर लावून आपल्यालाही हे आजच सुरू करता येतं.

(उलट टोकाचे व्हिडिओही फिरतात : दोन-पाच हजारांचा किट लावा आणि उद्या रेडिओ सुरू करा. तसं करू नका. विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे. बिहारमधल्या मन्सूरपूरचं राघव एफएम लोकांच्या प्रेमातलं होतं, तरी २००६ मध्ये बंद करावं लागलं.)

जाहिराती घेता येत नाहीत हे साफ चूक. स्थानिक दुकानं, सेवा, कार्यक्रम आणि नोकऱ्यांच्या जाहिराती पहिल्यापासून चालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तासाला सात मिनिटांची मर्यादा बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटं पूर्ण भरली तर तासाचे ५,३२८ रुपये होतात. एवढ्या जाहिराती रोज कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळं हा आकडा बजेटमध्ये धरू नका. तासगावचा बेदाणा व्यापारी, विट्याचं खताचं दुकान, मंगल कार्यालय यांच्याकडं पायी जावं लागतं.

बातम्यांची बंदी खरी आहे. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम चालत नाहीत. पण ‘मग सांगणार काय’ हा त्यापुढचा निष्कर्ष नियम न वाचता काढलाय. हवामान, रस्ते-वाहतूक, पाणी आणि वीजपुरवठ्याच्या सूचना, परीक्षा आणि प्रवेश, नोकरभरती, जत्रा-उरूस, आरोग्याचे इशारे, नैसर्गिक आपत्ती, हे सगळं नियमांनी बातमीत धरलेलं नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांवर गेली. गावागावांत लाईट गेली, मोबाईल बंद पडले. कोयनेतून किती पाणी सोडलंय, कुठला रस्ता बंद आहे, बोट कुठं येणार आहे, एवढंच लोकांना हवं होतं. सेलवर चालणारा रेडिओ त्या वेळी ऐकता येतो, यूट्यूब येत नाही. अट एकच, केंद्र पूररेषेच्या वर हवं आणि बॅटरी दोन दिवस पुरणारी हवी.

दहा किलोमीटरचं म्हणाल तर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ ३१४ चौरस किलोमीटरचं होतं. आटपाडीसारख्या मोकळ्या माळावर त्यात कितीतरी गावं, वाड्या-वस्त्या येतात. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या आडोशाला बसाल तर पलीकडं आवाज पोचणार नाही. एफएमला समोर डोंगर चालत नाही. म्हणून जागा ठरवण्याआधी मनोऱ्याच्या जागेवरून समोरची गावं डोळ्यांनी दिसतायत का ते बघून या. ऐकणारे आहेत. द्राक्षबागेत घडांची विरळणी करणारी बाई हातातलं काम सोडून स्क्रीनकडं बघू शकत नाही. झाडाला अडकवलेला एफएमचा मोबाईल ती दिवसभर ऐकते, आणि त्याला नेट लागत नाही.

‘आपल्याकडं कुणी केलंय का’ असंही विचारलं जातं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर २००८ पासून आहे. जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची येरळावाणी आहे. म्हसवडच्या संस्थेचा व्याप मोठा आहे, हे मान्य. पण दोन्ही केंद्रं दुष्काळी तालुक्यांत उभी राहिली, पुण्या-मुंबईत नाही. अर्ज भरण्याआधी तिथं जाऊन दिवसभर बसा.

आता मेसेजमध्ये नसलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. ट्रान्समीटर एकदा घ्यायचा असतो, मानधन दर महिन्याला द्यायचं असतं. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट आहे, ती चांगलीच आहे; पण ओव्या म्हणणाऱ्या आजीकडं जाणारी, रेकॉर्डिंग कापणारी, तीन महिन्यांचं प्रसारण नियमाप्रमाणं जपून ठेवणारी माणसं फुकट राबवून केंद्र टिकत नाही. यंत्राची ऑर्डर देण्याआधी निदान वर्षभराचं मानधन बँकेत वेगळं काढून ठेवा. ते जमलं नसेल तर वर्षभर थांबा आणि पारावरचं वाजवणं चालू ठेवा. आणि दोघींचं काम असेल तर चार मुलींना शिकवा. लग्न होऊन कुणी कराडला जाईल, कुणाला पुण्यात नोकरी लागेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुणीतरी माइकसमोर बसायला हवं असेल.