ताटात उरलं म्हणून जर्मनीत दंड होत नाही

"हॅम्बुर्गच्या हॉटेलात आमचं बरंच जेवण उरलं. शेजारच्या टेबलावरच्या आज्जींनी फोन लावला, सामाजिक सुरक्षा खात्याचा गणवेशधारी अधिकारी आला आणि ५० युरो दंड करून म्हणाला, पैसे तुमचे असतील, साधनसंपत्ती समाजाची आहे." लग्नसराई आली की हा मेसेज हमखास येतो, कधी एखाद्या मोठ्या उद्योगपतीच्या नावाने. खाली 'आपले लोक कधी सुधारणार?' हे असतंच. त्या शहरात चार वर्षं राहिल्यावर हे गप्प राहून वाचवत नाही.

आधी दंडाचं बघू. ताटात अन्न उरल्याबद्दल गिऱ्हाइकाला दंड करणारा कायदा जर्मनीत नाही. सामाजिक सुरक्षा म्हणजे तिथे पेन्शन, आरोग्यविमा, बेकारभत्ता. ती कामं बघणारी माणसं हॉटेलांत फिरत नाहीत. रस्त्यावर कचरा टाकला, गाडी भलतीकडे लावली तर पावती फाडणारं नगरपालिकेचं 'ऑर्डनुंग्सआम्ट' आहे, पण त्याची हद्द ताटापर्यंत पोचत नाही. काही बुफेवाले उरलेल्या अन्नाचे जादा पैसे लावतात, तो मालकाचा नियम. आपल्याकडे अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलातही तशी पाटी दिसते.

कायद्याचा बडगा उलट दुसऱ्याच कुणावर पडला. २०१८ मध्ये म्युनिकजवळच्या ओल्शिंगमध्ये दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कचरापेटीतून खाण्याजोगं अन्न काढून घेतलं. त्यांना चोरीबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि २०२० मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही ते उचलून धरलं. टाकणाऱ्याला काही नाही, उचलणारी दोषी! हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

'श्रीमंत असूनही ते कणभर वाया घालवत नाहीत' हेही खरं नाही. जर्मनीत वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख टन अन्न कचऱ्यात जातं, त्यातलं निम्म्याहून अधिक घरांतून. दुकानांत उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेणारी 'टाफेल' ही चळवळ १९९३ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, ती अशाच वाया जाणाऱ्या अन्नावर.

राहिला आपल्यावरचा ठपका: आपल्याला अन्नाची किंमत नाही. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करणाऱ्या, उरलेल्या भाताला फोडणी देणाऱ्या घरांना हे ऐकवायचं? जर्मन आयासुद्धा पोरांना सांगतात, ताट रिकामं कर म्हणजे उद्या ऊन पडेल. पानात टाकू नये ही शिकवण दोन्हीकडे आहे.

फरक मला दिसला तो मागवण्याच्या पद्धतीत. तिथे ज्याने त्याने आपापली डिश मागवायची, आपापली संपवायची. बिल देतानाही वेटर आधी विचारतो, एकत्र की वेगवेगळं? आपण चौघं बसलो की पाच भाज्या मध्ये ठेवून वाटून घेतो, पाहुणा असेल तर कमी पडू नये म्हणून आणखी एक. तिथली एकेक डिश एका माणसाचं पोट भरेल एवढी असते. आमच्या पहिल्या जेवणात म्हणूनच ढीग उरला. वेटरने काही न बोलता डबे आणून दिले, आणि पुढचे दोन दिवस आम्ही तेच बटाटे परतून खाल्ले.