अणुभट्टी बंद केली म्हणजे धोका टळला, हे खरं नाही

‘सुनामीचा इशारा मिळताच अणुभट्टी बंद केली की काम झालं,’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट, म्हणूनच घातक आहे. नियंत्रक दांडे आत गेले की साखळी अभिक्रिया, म्हणजे इंधनातले अणू एकामागोमाग फुटत राहणं, काही सेकंदांत थांबते. पण इंधनातले किरणोत्सारी अणू उष्णता देतच राहतात. सुरुवातीला ती पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के असते.

११ मार्च २०११ला जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्राच्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या भूकंपाने आपोआप बंद झाल्याच होत्या. घात नंतरच्या लाटेने केला. डिझेल जनित्रं, वीजवाटपाचे फलक पाण्यात गेले आणि इंधन थंड ठेवणं अशक्य झालं. सहाव्या अणुभट्टीचं हवेने थंड होणारं एक जनित्र तेवढं तगलं. त्याच विजेवर पाचवी आणि सहावी सावरली. समुद्रकाठच्या केंद्रात राखीव वीज किती उंचावर आहे, हे आधी विचारा.