धाडस कोणाचे?

विषमलिंगी नटाने समलिंगी पात्र रंगवावे की नाही, हा प्रश्न निघाला की आमच्या बेळगावच्या हौशी रंगभूमीवरील बरीच मंडळी म्हणतात, नटाला स्वतःचे असे काही नसते, असते ती भूमिका. मला हे पटते. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत होते, आणि रसिकांना त्यात वावगे वाटले नाही. ‘जोगवा’मध्ये उपेंद्र लिमये यांनी यल्लम्माला सोडलेला, लुगडे नेसून वावरणारा जोगता उभा केला. तो समलिंगी माणूस नव्हे, पण सौंदत्तीच्या डोंगरावर असे जोगते पाहत मोठे झालेल्या आम्हा लोकांना त्यांचा अपमान कळला तो त्या अभिनयामुळे.

‘अलीगढ’ या हिंदी चित्रपटाचेही तसेच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, मराठीत कविता लिहिणारे प्रा. रामचंद्र सिरस यांच्या घरात २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन घुसले, समलिंगी संबंधांवरून विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांनाच, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचा दिलासा मिळाल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. मनोज बाजपेयी यांनी त्या माणसाचे एकटेपण ज्या संयमाने दाखवले, त्यावर हक्क कोणाचा, असे विचारण्याची मला इच्छा होत नाही.

माझा आक्षेप आहे तो अशा भूमिकेनंतर हमखास येणाऱ्या ‘धाडसी’ या विशेषणाला. प्रयोग संपल्यावर तो नट आपल्या बायकोमुलांकडे जातो आणि त्याचे लग्न, त्याचे भाड्याचे घर, त्याची नोकरी यांना कसलाही धक्का लागत नाही. उलट बाजूने पाहा. रॉक हडसन हा हॉलिवूडचा नट आयुष्यभर पडद्यावर नायिकांचा प्रियकर झाला. तो समलिंगी असल्याचे जगाला कळले ते १९८५ मध्ये, एड्सने तो मृत्युशय्येवर असताना. पडद्यावर आणि पडद्याबाहेर अखंड चाललेल्या त्या अभिनयाला कोणी धाडस म्हटले नाही, कारण तो अभिनय आहे हेच कोणाला कळू द्यायचे नव्हते.

‘फिलाडेल्फिया’ चित्रपटात समलिंगी वकील रंगवून ऑस्कर मिळवणारे टॉम हँक्स २०२२ मध्ये म्हणाले की ती भूमिका आज विषमलिंगी नटाला मिळणार नाही आणि ते योग्यच आहे. त्यांचा प्रामाणिकपणा मला भावतो, पण त्याचा नियम करण्याची मला भीती वाटते. त्याच वर्षी दोन मुलांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या ‘हार्टस्टॉपर’ मालिकेतला अठरा वर्षांचा किट कॉनर, ‘तू खरा कोण आहेस ते सांग’ या समाजमाध्यमांवरच्या तगाद्याला कंटाळून, आपण उभयलैंगिक, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांचेही आकर्षण वाटणारे, असल्याचे जाहीर करून बसला. हा तगादा खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या तालमीच्या खोलीत पोहोचला तर काय होईल? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुटका झाली ती न्यायालयात. इथल्या गल्लीत, जिथे मुलाचे नाव सांगितले की घराणे ओळखले जाते, ती अजून व्हायची आहे. अशा गल्लीतला समलिंगी मुलगा कोणाला काही न सांगता विषमलिंगी नायक करीत असेल, तर त्याला ते निर्धास्तपणे करू द्यावे.

म्हणून चौकशी करायचीच तर ती नटाच्या खाजगी आयुष्याची करू नये. संहिता कोणाची आहे ते पाहावे. ‘अलीगढ’ लिहिणारे अपूर्व असरानी उघडपणे समलिंगी आहेत. ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट रोहन कानवडे यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अनुभव आधी कागदावर असेल, तर नट कोणीही असो, तो त्यात सामावतो.

कागदावरच काही नसेल तर काय होते, ते आमच्या यात्रांतल्या नाटकांत दरवर्षी दिसते. मान वेळावणारा, लाडिक बोलणारा ‘बायल्या’ हशा मिळवण्यासाठी रंगमंचावर येतो आणि समोर बसलेली मुले तो शब्द दुसऱ्या दिवशी शाळेत एखाद्यावर वापरतात. नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे की समलिंगी भूमिका करणाऱ्या नटाला त्यांनी अभिनयाचे गुण जरूर द्यावेत, पण निकालपत्रात त्याचे ‘धाडस’ लिहू नये, आणि त्या बायल्याच्या हशावर उभ्या राहिलेल्या संहितेला लेखनाचे गुण देऊ नयेत.