सगळं मिळालेल्या माणसाचं काय?

पैशानं सुख मिळत नाही, असं कुणी उपदेशाच्या सुरात म्हणालं की मला राग येतो. महिनाअखेरीला ज्याच्या घरातला सिलिंडर संपतो आणि त्याच आठवड्यात शाळेची फी भरायची असते, त्याला विचारा. मिळतं सुख. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर झालं आणि ती पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी बायबल वाचायला लागली, तेव्हा आमच्या घरात आलेलं सुख पैशामुळेच आलं होतं. ख्रिस्ती माणसानं हे नाकारू नये. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रातून बजावतो ते द्रव्याच्या लोभाबद्दल, आणि त्याच पत्रात म्हणतो की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो.

माझं म्हणणं असं आहे की पैसा आणि चैन जे द्यायचं ते पुरेपूर देतात आणि तरीही माणूस आतून रिकामा राहतो. म्हणून मला बायबलच्या जुन्या करारातलं उपदेशकाचं पुस्तक फार जवळचं वाटतं. दुसरा अध्याय उघडून बघा. या उपदेशकानं घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, तळी खोदली, गुरंढोरं, सोनं-रुपं, गाणारे आणि गाणाऱ्या, सगळं जमवलं. डोळ्यांनी मागितलं ते त्यांना दिलं. त्या कष्टांत मनाला आनंद झाला, हेही तो सरळ सांगतो. आणि मग केल्या कामांकडे पाहतो तर सगळं व्यर्थ. कोल्ह्याला द्राक्षं आंबट असतील, पण या माणसानं ती पोटभर खाल्ली होती.

आपण बडोदेकर. वैभव काय असतं हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मल्हारराव गायकवाड भावाच्या कैदेतून सुटून १८७० मध्ये गादीवर आले, सोन्याच्या तोफा ओतवल्या, १८७५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८२ मध्ये मद्रासला वारले. हे गमावल्याचं उदाहरण झालं, असली उदाहरणं सगळेच देतात. मला त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांचा विचार जास्त येतो, कारण त्यांचं राज्य गेलं नाही. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पहिल्या राणीसाहेब जाऊन पाच वर्षं झाली होती. पुढे तीन कर्ते मुलगे महाराजांच्या डोळ्यांदेखत गेले, १९०८, १९१९ आणि १९२३ मध्ये. याच महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, गावोगाव ग्रंथालयं काढली. पैसा कशासाठी असतो हे त्यांना कळलं होतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण त्या राजवाड्यात असं एकही दालन नव्हतं की जिथे बापाचं दुःख आत येणार नाही.

गेल्या महिन्यात आमची प्रार्थनासभा वासणा रोडला, मंडळीतल्याच एका कुटुंबाच्या नव्या बंगल्यात होती. (त्यांना विचारूनच लिहितोय.) त्या काकांनी हौसेनं घर दाखवलं. खालच्या मजल्यावर होम थिएटर, भिंतीत बसवलेले स्पीकर, मोठमोठ्या खुर्च्या. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मग आम्ही सतरंजीवर बसलो आणि एकेक जण प्रार्थनेचा विषय सांगू लागला. कुणाची परीक्षा, कुणाचा व्हिसा. काकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “माझ्या झोपेसाठी प्रार्थना करा. कर्ज नाही, हप्ते नाहीत, मुलं मार्गाला लागली. आता पुढे काय, एवढाच विचार येतो आणि रात्र जाते.” पाळकसाहेबांनी त्यांना डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलं, ते फार बरं केलं. पण ‘आता पुढे काय’ याच्यावर गोळी नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुण हेच विचारतो. आज्ञा पाळल्यात, मालमत्ता आहे, मग माझ्यात अजून उणं काय? प्रभू त्याला सांगतो, जा, आपली मालमत्ता विक, गोरगरिबांना दे, आणि मग ये, माझ्यामागे चल. आपण विकण्यावर आणि देण्यावरच थबकतो. त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या शब्दांत आहे. वस्तू माणसावर प्रेम करू शकत नाहीत, आणि माणसाला देवानं घडवलंय ते त्याचं प्रेम घेण्यासाठी, त्याच्या संगतीत राहण्यासाठी. मार्क लिहितो की येशूनं त्या तरुणाकडे बघून त्याच्यावर प्रीती केली. ती समोर उभी होती आणि तो मालमत्ता राखून, खिन्न होऊन निघून गेला.

उलट आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा केला. हातचं सोडूनही ते ख्रिस्तावरची अभंगवाणी भरभरून लिहीत होते.

म्हणूनच हल्लीच्या काही सभांमधून गाडी, बंगला, व्हिसा हाच देवाचा आशीर्वाद म्हणून सांगितला जातो, ते ऐकून जीव तुटतो. उपदेशकानं जे व्यर्थ म्हणून बाजूला सारलं, तेच आपण वेदीवरून वाटतोय. आणि गरीब माणूस मात्र आपला विश्वास कमी पडला असं समजून मान खाली घालून घरी जातो.

मग नोकरीधंदा सोडायचा का, असं एका तरुण मित्रानं विचारलं. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराला येशूनं तसं सांगितलं नव्हतं. प्रभू स्वतः त्याच्या घरी उतरायला गेला, आणि न मागता जक्कय उभा राहून बोलला, अर्धं गोरगरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. जकात गोळा करणारा तो श्रीमंत माणूस त्या दिवशी मनापासून आनंदात होता. आपल्या वेदीवरून त्याची गोष्ट जास्त वेळा ऐकायला मिळाली पाहिजे.