‘मूल आमचं, चौकशी करणारे तुम्ही कोण?’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला दोनदा आला. एकदा आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि एकदा सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या जुन्या मित्राकडून. पहिल्यात ‘गुरुकुल, वेदपाठशाळा’ होतं, दुसऱ्यात त्याच जागी ‘मदरसा’. बाकी शब्दाला शब्द तेच. ‘कल्याण’मधल्या ‘ण’चा ‘न’सुद्धा दोन्हीकडे सारखाच. कुणी कुणाचं उतरवून घेतलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मेसेज असा: ‘पालकांनो, जागे व्हा! मूल आई-बापाचं आहे, सरकारचं नाही. आपण तक्रार केली नसेल तर बालकल्यान समितीला चौकशीचा अधिकारच नाही. गुरुकुल, वेदपाठशाळांना (दुसऱ्यात ‘मदरशांना’) संविधानाने आणि 2012 च्या कायद्याने सूट आहे. आई-वडील समोर नसताना मुलाशी बोलणं गुन्हा आहे. एकदा मूल समितीकडे गेलं की परत मिळत नाही. फक्त आपल्याच धर्माला टार्गेट केलं जातंय. दहा ग्रुपवर पाठवा.’

मूल आई-बापाचं, हे कायद्यालाही मान्य आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 3 मध्ये सुरुवातीचीच तत्त्वं दिलीत. मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. गंमत बघा, मेसेज बोलतो पालकांच्या नावाने आणि राखण करतो संस्थेच्या फाटकाची. पालकाचा हक्क पालकाकडे असतो. वसतिगृहात ट्रंक ठेवली म्हणून तो व्यवस्थापकाच्या खिशात जात नाही.

‘आपण तक्रार केली नसेल तर’ हे मात्र साफ खोटं. बालकल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी, याच कायद्याखालची जिल्ह्याची समिती. कलम 30 प्रमाणे ती आपणहून दखल घेऊ शकते. कलम 31 मध्ये मुलाला समितीपुढे कोण आणू शकतं याची यादी आहे: पोलीस, सरकारी नोकर, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, परिचारिका, कुणीही जागरूक नागरिक आणि मूल स्वतः. हो, दहा वर्षांचं पोर स्वतःच्या पायाने गेलं तरी चालतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, हे सांगताना कायदा म्हणतो की ज्याच्याजवळ ते राहतं त्यानेच त्याला इजा केली असेल, मग तो पालक असो वा नसो, तर तेही मूल यात आलं. लैंगिक अत्याचाराबाबत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकावर बंधनकारकच केलंय. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘संस्थेची बदनामी नको, आपसात मिटवू’ म्हणणारे गुरुजी स्वतःच आरोपी होतात.

आता ती 2012 ची सूट. ही खरी आहे, म्हणूनच तिच्या आडून खोटं खपतं. शिक्षण हक्क कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही, असं कलम आलं. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळाही त्यातून वगळल्या. पण सूट कशातून? त्या एका कायद्यातून. वर्गखोल्या किती, शिक्षक किती, पंचवीस टक्के जागा कुणाला, असल्या गोष्टींतून. मुलांना मारायला बंदी करणारं त्याचं कलम 17 अशा संस्थांना लागत नाही, हेही मान्य. तरी बाल न्याय कायद्याचं कलम 75 तिथे उभं आहेच. मुलाचा ताबा असलेल्याने त्याला मारलं, छळलं, जाणूनबुजून हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. यात धार्मिक संस्थांना सूट असल्याचा एक शब्द नाही. उलट पॉक्सोत धार्मिक संस्थेचा उल्लेख आहे, तो गुन्हा अधिक गंभीर धरण्यासाठी. शाळेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या माणसाने तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर शिक्षा वाढते.

संविधानाच्या कलम 25 चा दाखला देणाऱ्यांनी ते पहिल्या शब्दापासून वाचावं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, अशीच त्याची सुरुवात आहे.

‘आई-वडील समोर नसताना मुलाशी बोलणं गुन्हा’ याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे माझं पोळलंय.

माझा भाचा अशाच एका ठिकाणी राहायला होता. कुठल्या धर्माचं, कुठल्या गावचं, ते सोडा. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. फोन तिथल्या व्यवस्थापकाचा, स्पीकरवर. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास होतोय का?’ ‘हो.’ ‘करमतंय का?’ ‘हो.’ ताई फोन ठेवून म्हणायची, पोरगं किती शिस्तीत आलंय बघा. संक्रांतीला तो घरी आला. गड्ड्याच्या जत्रेत मी त्याला होम मैदानावर घेऊन गेलो, मोठ्या पाळण्यात बसवलं. आमचा पाळणा वर जाऊन थांबला, खाली माणसं भरत होती. तळ्याकडचा वारा सुटला होता. पोरगं दांडा घट्ट धरून म्हणालं, ‘मामा, इथलं बोललेलं खाली ऐकू जातं का?’

नाही म्हटल्यावर त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर वळ होते, काही जुने, काही ओले.

हेच त्याने आई-बापाला का नाही सांगितलं? दाजींनीच सोडताना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ‘गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं.’ पोराने ते ऐकलं होतं. त्याच्या लेखी आई-बाप त्यांच्याच बाजूचे. आम्ही त्याला परत पाठवलं नाही, पण तक्रारही केली नाही. चार लोकांत शोभा नको म्हणून. त्याच्या शेजारी झोपणारी बाकीची पोरं तिथेच राहिली. ते आजही माझ्या मनातून जात नाही.

म्हणून पॉक्सोच्या कलम 26 मधला एक ‘किंवा’ मला फार मोलाचा वाटतो. मुलाचा जबाब आई-वडिलांच्या ‘किंवा’ मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा. त्याच कायद्यात जबाब मुलाच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यावा, पोलिसाने गणवेशात जाऊ नये आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये असंही आहे. आईला बाहेर काढण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पोराला त्याचा पाळणा मिळावा म्हणून लिहिलंय.

‘मूल परत मिळत नाही.’ या भीतीला मी हसणार नाही. मे 2023 मध्ये बिहारहून पुणे-सांगलीकडच्या मदरशांत निघालेल्या 59 मुलांना तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवलं. सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुलं बारा दिवस नाशिक-जळगावच्या बालगृहांत राहिली. मार्च 2024 मध्ये पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. त्या बारा दिवसांची भरपाई कोण देणार? तपास यंत्रणा चुकते, कधी पूर्वग्रहानेही चुकते.

पण मुलं घरी गेली आणि गुन्हा बंद झाला, हेही त्याच प्रकरणात घडलं. उचललेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे आणावं लागतं. घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणीचा अहवाल 15 दिवसांत यायला हवा, अंतिम आदेश चार महिन्यांत. आदेश पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं, समितीच्या कारभाराची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते. पालकांना खरंच जागं करायचं असेल तर मेसेजमध्ये हे लिहा. आदेशाची प्रत मागा, तारखा लिहून ठेवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागा. ‘फाटक उघडू नका’ हा सल्ला पालकाच्या कामाचा नाही.

‘फक्त आपल्याच धर्माला’ याचं उत्तर माझ्या फोनमध्येच आहे, एकाच मेसेजच्या दोन आवृत्त्या.

सोलापुरात अशा ठिकाणी मुलं ठेवतं कोण? श्रद्धा असते, नाही असं नाही. पण दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी आई असते, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप असतो, दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर जाणारं जोडपं असतं. मुलाला दोन वेळचं जेवण आणि चार अक्षरं मिळतील, हा त्यांचा हिशोब. संस्थेच्या माणसापुढे त्यांचा आवाज चढत नाही. त्यांच्या मुलाच्या बाजूने बोलायला समितीचा माणूस तरी आत जायला हवा. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या पोरांना पाठ हवा.

मेसेज पाठवणाऱ्या दोघांनाही मी विचारलं, तुमचं कुणी आहे का तिथे? भजनी मंडळातल्या गृहस्थांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मित्राच्या दोन्ही मुली होटगी रोडकडच्या इंग्रजी शाळेत जातात, घरासमोरून बस आहे.